शेवटचे तीन फूट



मागच्या लेखात मी मोठ्या तोंडानं लिहिलं होतं की सुट्टीत मुलांना गावी घेऊन जा. मग ते स्वतः करून दाखवणं भाग पडलं. मे महिन्यात आम्ही तिघं बंगळूरहून रात्रीच्या गाडीनं बेळगावला निघालो. सामानात जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक लांबडी वस्तू होती. स्टेशनवर रिक्षावाल्यानं ती हातात घेऊन विचारलं, "हे काय? बॅट काय?"

"गोल्फची काठी," माझी तेरा वर्षांची लेक म्हणाली.

"म्हंजे बिबट्या आलेला, ते मैदान?"

बेळगावकरांना हसू येईल, पण खरंच आपल्या गावात गोल्फची ओळख ही अशी आहे. ऑगस्ट 2022 मध्ये कॅम्पाकडच्या गोल्फ मैदानावर बिबट्या दिसला आणि अख्खं शहर त्याच्या मागं लागलं. आसपासच्या बावीस शाळांना सुट्टी दिली गेली, पिंजरे लागले, ड्रोन उडाले, शिमोग्याच्या सक्रेबैलू छावणीतून दोन हत्ती आले. महिनाभर शोध चालला, बिबट्या काही हाती लागला नाही. त्या आधी त्या कुंपणापलीकडं काय चालतं हे खासबाग-वडगाव-शहापूरच्या आम्हा लोकांना माहीतही नव्हतं. आमच्या गल्लीत मैदान म्हणजे क्रिकेटचं, नाहीतर कबड्डीचं.

तर अशा खासबागेत, आबांच्या घरी, माझी लेक गोल्फचा सराव करायला लागली. तेही आपणहून नाही. त्याची गोष्ट सांगतो.

एप्रिलमध्ये तिची मुलामुलींची एक स्पर्धा होती. शेवटच्या होलपर्यंत ती छान खेळली. शेवटी चेंडू होलपासून जेमतेम अडीच फुटांवर. गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी सांगतो: होलभोवती बारीक कापलेल्या गवताचा जो गुळगुळीत पट्टा असतो त्याला ग्रीन म्हणतात, आणि त्यावर चेंडू हवेत न उडवता सरपटत होलाकडं ढकलायचा, त्या फटक्याला पट म्हणतात. हा अडीच फुटांचा पट घरातल्या जेवणाच्या टेबलाच्या रुंदीएवढा. लेकीनं मारला. चेंडू होलच्या कडेला लागला, अर्धी गिरकी घेतली आणि बाहेर आला. दुसऱ्यांदा मारताना हात थरथरत होता, तोही गेला. तिसऱ्यांदा पडला. गाडीत ती एक शब्द बोलली नाही. रात्री म्हणाली, "बाबा, मी गोल्फ सोडते. मला एवढुसा पट जमत नाही, तर मग काय उपयोग?"

मी नेहमीसारखं म्हटलं, "अगं, होतं असं कधीकधी." पण त्या रात्री मला झोप आली नाही, कारण चूक कुणाची ते मला कळलं होतं. ती माझी होती.

मित्रामित्रांच्या खेळात एक पद्धत आहे. समोरच्याचा चेंडू होलच्या अगदी जवळ आला की आपण म्हणतो, "दिला." म्हणजे मारू नकोस, पडलाच असं धरू, चेंडू उचल. एकास एक अशा सामन्यात नियमही याला परवानगी देतो. 1969 च्या रायडर कपमध्ये जॅक निकलसनं टोनी जॅकलिनचा शेवटचा छोटा पट असाच सोडला, आणि स्पर्धा बरोबरीत सुटली. खिलाडूवृत्तीचं उदाहरण म्हणून आजही ते सांगतात. पण जिथं सगळे फटके मोजले जातात, अशा स्पर्धेत "दिला" चालत नाही. प्रत्येक चेंडू होलमध्ये पडलाच पाहिजे.

आणि मी? गेली दोन वर्षं दर रविवारी मी लेकीला "दिला" म्हणत होतो. उन्हं वाढायची, मागची मंडळी ताटकळायची, नाश्त्याची वेळ व्हायची. एका फेरीत आठ-दहा पट मी असे "दिले". म्हणजे जो फटका सगळ्यात सोपा आणि सगळ्यात भीतीचा, तो तिनं कधी मारलाच नव्हता. स्पर्धेत पहिल्यांदा मारायची वेळ आली, तेव्हा तिथं "दिला" म्हणायला बाबा नव्हते.

आता थोडा हिशेब बघू, कारण तरुण वाचकांना हिशेब आवडतो. गोल्फच्या नेहमीच्या मैदानाचं पार 72 असतं, म्हणजे चांगल्या खेळाडूनं अठरा होल 72 फटक्यांत संपवावेत अशी अपेक्षा. त्यात प्रत्येक होलवर दोन पट धरलेले असतात, म्हणजे 36. अर्धा खेळ! तरीही आपण सरावाला गेलो की सगळा वेळ जातो तो मोठ्या काठीनं लांब फटके मारण्यात. आवाज होतो, चेंडू लांब जातो, फोटो छान येतो. छोट्या पटाचा फोटो कोण काढतो?

कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंच्या लाखो फटक्यांची नोंद तपासून 2014 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात दिसतं की तीन फुटांवरून हे खेळाडू शंभरातले सुमारे 96 पट टाकतात. पाच फुटांवरून 77. आणि आठ फुटांवरून फक्त निम्मे! जगातले सर्वोत्तम लोक, आणि आठ फुटांवर छापा-काटा. आपल्यासारखा हौशी, जो नव्वदच्या आसपास फटके घेतो, त्याचा छापा-काटा पाच फुटांवरच सुरू होतो. पाच आणि आठ फुटांवरून आपण त्यांची बरोबरी करू शकणार नाही. पण तीन फुटांवर रोज मेहनत केली तर बरंच जवळ जाता येतं, आणि त्यासाठी दणकट खांदे लागत नाहीत.

याचं गणितही सोपं आहे. होलचा व्यास 108 मिलिमीटर, चेंडूचा साधारण 43. चेंडू हळू गेला तर त्याचा मध्य होलच्या कडेच्या आत असला की तो पडतो. म्हणजे तीन फुटांवरून दोन्ही बाजूंना सुमारे साडेतीन अंशांची सूट मिळते. सहा फुटांवर ती निम्मी होते. आणि जोरात मारला तर होल जणू आकसतो: कडेला लागलेला चेंडू आत पडायच्या ऐवजी गिरकी घेऊन बाहेर येतो. लेकीचा आला तसा.

हे मोठमोठ्यांनाही चुकलेलं नाही. अनिर्बन लाहिरी हा आपला खेळाडू जन्मला पुण्यात. वडील सैन्यात डॉक्टर, त्यामुळं पोराचं गोल्फ सैन्याच्या मैदानांवर सुरू झालं. 2015 मध्ये प्रेसिडेंट्स कपमध्ये खेळणारा तो पहिला भारतीय ठरला. दक्षिण कोरियात, शेवटच्या दिवशी, शेवटच्या होलवर समोरच्या ख्रिस किर्कनं पंधरा फुटांचा पट टाकला. लाहिरीचा चेंडू चार फुटांच्या आसपास होता. तो होलच्या कडेवरून वळून बाहेर गेला. लाहिरी हरला, आणि त्याचा संघ साडेचौदा विरुद्ध साडेपंधरा असा अवघ्या एका गुणानं हरला. जून 2024 मध्ये रोरी मॅकिलरॉयनं यूएस ओपनमध्ये सोळाव्या होलवर अडीच फुटांचा आणि अठराव्यावर चार फुटांच्या आतला पट घालवला आणि एका फटक्यानं विजेतेपद गमावलं.

हे मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांनी सोडलं का?" नाही सोडलं. लाहिरी 2022 मध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिपसारख्या बड्या स्पर्धेत दुसरा आला. मॅकिलरॉयनं एप्रिल 2025 मध्ये मास्टर्स जिंकली. तिथंही आधी एक छोटा पट चुकवून, मग जादा होलवर दुसरा छोटा पट टाकून. लेक गप्प बसली, पण निघताना पटर, म्हणजे पटाची काठी, टॉवेलात गुंडाळून ठेवलेली मला दिसली.

आता खासबाग.

आबांचं घर विणकराचं. लहानपणी त्यांनी हातमागावर काम केलं, पुढं यंत्रमागावर, पन्नासेक वर्षं साड्यांत गेली. आता माग नाही, पण सोप्यात जिथं हातमागाचा खड्डा होता, तिथं तो बुजवून बसवलेली शहाबादी फरशी बोटभर खचलेली आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. दुपारी ते दाराशी खुर्चीत बसून रेडिओ ऐकतात.

लेकीनं फरशीवर सतरंजी घातली, कारण नुसत्या फरशीवर चेंडू साबणासारखा पळतो. तीन फुटांवर आजीचा स्टीलचा पेला आडवा ठेवला. त्याचं तोंड सातेक सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या होलपेक्षा लहान. चेंडू आत गेला की बुडाला लागून टण्ण वाजायचा.

पाच मिनिटं झाली. आबांनी रेडिओ बंद केला.

"काय करालीस गं?"

"प्रॅक्टिस, आबा."

"आता मारलीस ते वाजलं नाही. पडलं नाही काय?"

"पडल्यासारखंच होतं. थोडं बाजूला."

"पडल्यासारखं म्हंजे काय? एक तर वाजतंय, नाहीतर नाही."

मी आतून म्हटलं, "असू दे हो आबा, नुकती सुरुवात केलीय तिनं." आबांनी माझ्याकडं मान वळवलीही नाही. नातीला म्हणाले, "परत मार. मी मोजतो. चुकलं की परत एकपासून."

पहिल्या दिवशी सहाच्या पुढं गाडी गेली नाही. आबांना चेंडू धड दिसतही नव्हता, पण त्यांना सगळं कळत होतं. माग बिघडला की विणकराला आधी कानाला कळतं, डोळ्याला मागाहून. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मारायच्या आधीच तू वर बघतीस. बघू नको. वाजंल तेव्हा कळंल की." मंडळी, गोल्फ शिकवणारे अगदी हेच सांगतात: छोटा पट डोळ्यानं नाही, कानानं पाहायचा. निकाल बघायच्या घाईत डोकं उचललं जातं, त्याबरोबर खांदा उघडतो, पटरचं तोंड वळतं, आणि चेंडू बाजूला जातो. चेंडू कुठल्या दिशेनं निघणार हे मुख्यतः त्या तोंडावरच ठरतं.

तिसऱ्या दिवशी चेंडू सारखा डावीकडं जाऊ लागला. लेक वैतागली. आबांनी आतून सुताची एक जुनी कांडी आणली, दोन खिळ्यांना बांधून पेल्याच्या सरळ रेषेत, चेंडूच्या वर चार बोटं उंचीवर दोरा ताणायला लावला. तेव्हा दिसलं की तिचा पटर मागं जाताना दोऱ्याच्या बाहेर जात होता. आणि हेही दिसलं की बुजवलेल्या खड्ड्यापाशी फरशीच डावीकडं उतरते. अर्धा दोष हाताचा, अर्धा जमिनीचा. दोरा नसता तर सगळा दोष तिनं स्वतःवर घेतला असता.

चौथा दिवस रविवार होता. सतराव्या टण्णपर्यंत पोचली आणि अठरावा चुकला. पटर टाकून रडत आजीबरोबर खासबागच्या बाजारात निघून गेली. मी आबांना म्हटलं, "सतरा म्हणजे पुष्कळ झाले. वीस धरू या की."

"तू धर. तिला विचारलास काय?"

बाजारातून मेथीच्या जुड्या घेऊन आली, हातपाय धुतले, आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. त्या दिवशी वीस झाले नाहीत. आठव्या दिवशी झाले. आबांनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. आजीला हाक मारून म्हणाले, "कुंदा आण गं थोडा."

तुमच्या घरी खड्डा बुजवलेली फरशी नसेल, पण हा सराव कुठल्याही फ्लॅटमध्ये होतो. एक पटर, दोन-तीन चेंडू आणि रोजची पंधरा मिनिटं. आमच्याकडं आता असा क्रम आहे:

पहिलं, दोरा. वर सांगितला तसा, तीन फूट लांब. दहा पट फक्त काठी दोऱ्याखाली सरळ मागं-पुढं जाते का ते बघायला. चेंडू पडतो की नाही याची चिंता नको.

दुसरं, फाटक. पटरच्या दोन्ही टोकांना बोटभर जागा सोडून दोन खडू उभे करा आणि मधून पटर फिरवा. खडू पडला म्हणजे हात भरकटला. टायगर वुड्ससारखा खेळाडू स्पर्धेआधी याच प्रकारचा सराव करतो, फक्त खडूऐवजी जमिनीत रोवायच्या टी वापरतो.

तिसरं, रिंगण. मैदानावर जायला मिळालं तर होलभोवती तीन फुटांवर चेंडू गोल मांडा आणि एकेक टाका. ग्रीनला उतार असतो, त्यामुळं प्रत्येक बाजूचा पट वेगळा: कुठं चढ, कुठं उतार, कुठं वळण. फिल मिकलसन असे शंभर पट लागोपाठ टाकायचा, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आपण दहापासून सुरू करावं.

चौथं, जोर. पट चुकला तर चेंडू होलच्या पुढं फूट-दीड फुटावर थांबला पाहिजे. होलपर्यंत पोचलाच नाही तर पडायचा प्रश्नच नाही, आणि फार पुढं गेला तर परतीचा पट पुन्हा भीतीचा.

पाचवं, कान. शेवटचे वीस पट मान खाली ठेवून, आवाज येईपर्यंत. आणि मोजायला घरातलं असं माणूस बसवा, जे सूट देत नाही.

हे शेवटचं सगळ्यात अवघड. आपली पिढी मुलांवर फार माया करते, आणि मायेपोटी फार वेळा "दिला" म्हणते. मराठीत शेवटचं वाक्य अडलं की आपण पूर्ण करतो. प्रकल्पाचं शेवटचं पान रात्री आपण चिकटवतो. त्यांचा वेळ वाचतो, आपल्याला बरं वाटतं, पण शेवटचे तीन फूट त्यांचे त्यांना चालता येत नाहीत. आबांनी नातीवर कमी माया केली असं मला वाटत नाही. त्यांनी फक्त न वाजलेला चेंडू मोजला नाही.

आपल्या कर्नाटकातलीच अदिती अशोक आठवा. बंगळूरची मुलगी, लांब फटके मारण्यात बड्या खेळाडूंच्या मागं. पण टोकियो ऑलिंपिकमध्ये, आई कॅडी म्हणून बॅग वाहत असताना, तिनं पटरच्या जोरावर जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या नेली कोर्डाला चारही दिवस पिच्छा सोडू दिला नाही. 7 ऑगस्ट 2021 ला, ज्या दिवशी संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं, त्याच सकाळी अख्ख्या देशानं पहिल्यांदा गोल्फ पाहिलं. अदिती चौथी आली, कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं. एका फटक्याची किंमत काय असते, ते त्या सकाळी सगळ्यांना कळलं.

जूनमध्ये लेक पुन्हा एका स्पर्धेत खेळली. तीन फुटांच्या आतला एक पट चुकला, बाकी सगळे पडले. बक्षीस नाही मिळालं. पण त्यानंतरच्या रविवारी आमच्या घरच्या फेरीत तिचा चेंडू होलपासून हातभर अंतरावर थांबला आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "दिला."

"नको बाबा," ती म्हणाली, "मारते."

या महिन्यात तुम्हीही एक पेला आडवा ठेवून बघा. लागोपाठ किती वाजले ते कळवा. पुढच्या अंकात आकडे छापू. लेकीचा सध्याचा आकडा एकतीस आहे, पण तो मोजणारा खासबागेत असतो. रात्री नऊ वाजता ती फोन स्पीकरवर लावून पेल्याशेजारी ठेवते. पलीकडं कुणी बोलत नाही. मधेच एखादा चुकला की तिकडून लगेच येतं, "एक." आणि वीस पुरे झाले की आबा म्हणतात, "हं. झोप आता."